ही काय गाणी आहेत का, वहिनी?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं असतं तरी चाललं असतं. महाडच्या बाजारपेठेत आमचं कॅसेटचं दुकान. तीसेक वर्षं झाली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या न आल्या तोच गेल्या, आणि उरलं ते चार्जर, मोबाइलची कव्हरं आणि 'पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून मिळतील' असं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टांगलेलं. दुकान तेच, गिऱ्हाइकाचं लाकडी स्टूल तेच, गल्ल्यावर मीही तीच. आणि मी माझ्या आवडीचं काही लावलं की पायरीवरचा माणूस तोंड वाकडं करून तेच विचारणार, "ही काय गाणी आहेत का, वहिनी?"

माझं उत्तरही ठरलेलं. "गाणीच आहेत. स्टुलावर बसा, एक पुरतं ऐका, मग बोला."

ह्या उत्तरात मी कधी काडीचा बदल केला नाही. समोर साहेब असो, हमाल असो, नाहीतर घरचं माणूस असो. एकदाच केला. त्या एकदाची गोष्ट सांगायची आहे. पण आधी ही गाणी काय प्रकरण आहे आणि महाडात ती आली कुठून, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही तोंड वाकडं कराल.

दुकान आमच्या ह्यांनी काढलं. वर्षभरात ह्यांना एमआयडीसीत नोकरी लागली आणि गल्ल्यावर मी आले. दुकान पुढे, आम्ही मागच्या दोन खोल्यांत, आणि वरचा मजला भाड्यानं दिलेला. तिथं लोबो साहेब राहायचे. मूळचे वांद्र्याचे, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की जिना वाजू नये म्हणून चपला हातात घेऊन वर जायचा. पण संध्याकाळी कामावरून आले की डेक लावायचे आणि आमच्या डोक्यावर सुरू व्हायचं धुम-धुम-धुम-धुम.

लाकडी तक्तपोशीतून गाणं सगळंच्या सगळं खाली येत नाही, हे मला तेव्हा कळलं. बारीक आवाज वरच अडकतात. शब्द तर येतच नाहीत. खाली येतो तो निव्वळ खर्ज. चार तारांची एक जाड गिटार असते, तिला बेस म्हणतात. ती आणि ढोल, एवढंच झिरपून येतं. वर्षभर मी तेवढंच ऐकलं. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू भाकऱ्या थापतेस की ढोल बडवतेस?" बघते तर माझे हात वरच्या तालात पडत होते.

मग मी तक्रार करायला म्हणून वर गेले. तासाभरानं खाली आले तेव्हा कसली तक्रार ते विसरून गेले होते. साहेबांनी खुर्ची दिली, तेच गाणं पहिल्यापासून लावलं आणि वर्षभर जे मी पायाकडून ऐकत होते, ते पहिल्यांदा मुंडक्यासकट ऐकलं. आपल्या गाण्यांत ढोलकी, तबला मागं हात बांधून उभे असतात आणि गाणारा पुढं मिरवत असतो. इथं सगळं उलटं. खर्ज पुढं चालतोय. गिटार पातळ, कुंपणाच्या तारेवर कुणी काठी ओढत न्यावी तशी. आणि गाणारा सगळ्यांच्या मागं, बोलावणं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा. मला तो फार आवडला. का आवडला ते सांगता येणार नाही. मोठ्या घरातली मी थोरली सून. सगळ्यांच्या मागं उभं राहून बोलणाऱ्याचं मला कळत असावं.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक खाली आणून ठेवली. "वहिनी, तिकडे जागा नाही. आणि इथं तुमच्याशिवाय कोण ऐकणार? राहू दे तुमच्याकडे." आत चाळीस-पंचेचाळीस कॅसेट. सगळ्या भरून घेतलेल्या, आणि प्रत्येकीवर नुसता आकडा. कुठल्या आकड्यात कोण गातंय ते लिहिलेली वही साहेबांच्या सामानात गेली. पत्र टाकायचं म्हणता म्हणता पत्ताच हरवला.

म्हणून मीच बारसं केलं. एकाचा आवाज खोल विहिरीत वाकून बोलल्यासारखा यायचा, तो विहीरवाला. एका कॅसेटमधला ढोल माणूस वाजवत नव्हता, यंत्र वाजवत होतं, टकटकटकटक, ते शिवणयंत्र. एक बाई भांडण संपवून नुकतीच घरात आल्यासारखी गायची, ती जाऊबाई. आणि एका कॅसेटभर नुसता नखरा, चमचम वाजणारी पेटी, मध्येच टाळ्या, ती नटवी. कितीतरी वर्षं मी ही माणसं ह्याच नावांनी लोकांना सुचवत आले. त्यांची खरी नावं, त्यांची गावं, काही माहीत नव्हतं.

पुढं लेक पुण्याला शिकायला गेली. तिनं सुट्टीत सगळी ट्रंक संगणकात चढवली आणि मला सांगितलं, "आई, ह्याला पोस्ट-पंक म्हणतात. हे न्यू वेव्ह. आणि तुझा तो विहीरवाला आहे ना, ते गॉथिक रॉक." मी म्हटलं, समजेल असं सांग. तिनं सांगितलं त्यातलं मला जे उमगलं ते असं. आधी पंक नावाचं एक जोरदार भांडण झालं, आरडाओरडा, आदळआपट. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी घरात जे एक अवघड वातावरण असतं, सगळे बोलतात पण जपून, ते पोस्ट-पंक. न्यू वेव्ह ही त्याच घरातली धाकटी. म्हणते झालं ते झालं, मी आता नटून जत्रेला जाणार. आणि गॉथिक म्हणजे त्याच घरातला तो काका, जो दिवाळीतसुद्धा काळाच सदरा घालतो. प्रत्येक घरात असतो. लेकीनं खरी नावंही कागदावर लिहून दिली. कागद आहे गल्ल्यात. पण मला विहीरवालाच बरा वाटतो.

आता धंद्याचं. लोकांना वाटतं आम्ही गाणी विकायचो. गाणी कुणीही विकतं. कुणाला काय ऐकवायचं हे ओळखणं, हा खरा धंदा. मी गिऱ्हाइकाला 'तुम्हाला काय आवडतं' असं कधी विचारलं नाही. जे आवडतं ते त्याच्याजवळ असतंच. मी विचारायची, "कशावर ऐकणार? आणि ऐकताना हात काय करत असतील?" हात स्टिअरिंगवर आहेत, पिठात आहेत की नुसते रिकामे आहेत, ह्यावर सगळं ठरतं. रिकाम्या हातांना नटवी द्यायची. कामातल्या हातांना शिवणयंत्र. विहीरवाला सहसा कुणालाच नाही.

बिरवाडीला खोली घेऊन राहणारा जळगावकडचा एक ऑपरेटर होता. म्हणाला, "ताई, आठ तास प्लँटचा आवाज डोकं खातो आणि खोलीवर गेलं की तो नसतो म्हणून चैन पडत नाही." त्याच्या हातांना खोलीवर काहीच काम नव्हतं, म्हणजे नियमानं नटवी. पण मी नियम मोडला आणि शिवणयंत्र दिलं. आठवड्यानं आला. "ताई, हा तर आमचा प्लँटच आहे. पण ह्याच्यात कुणीतरी माणूस राहतंय." ह्याहून चांगलं कुणी त्या संगीताविषयी बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. पुढं तो दर महिन्याला येऊन "ताई, अजून एखादा प्लँट द्या" म्हणायचा.

सगळंच काही असं जमलं नाही. नुकताच साखरपुडा झालेल्या एका पोरानं 'काहीतरी वेगळं, गंभीर' मागितलं. मी बरी शहाणी! विहीरवाला भरून दिला. त्यानं तो होणाऱ्या बायकोला भेट म्हणून पाठवला. तिकडून मुलीचा मामा चौकशीला आला, मुलाला काही बाहेरची बाधा वगैरे आहे का म्हणून. लग्न मोडता मोडता राहिलं. आज त्यांना दोन मुलं आहेत, पण ती बाई अजून माझ्या दुकानासमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या बाजूनं जाते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि ट्रंकेला मात्र मी प्राणापलीकडे जपलं. महाडात जपायचं म्हणजे उंच ठेवायचं. खालच्या फळ्यांवरची कितीतरी गाणी सावित्री नदीच्या पुरानं नेली, चिखल भरलेल्या कॅसेट मी टोपल्यांनी बाहेर काढल्यात. ट्रंक वरच्या मजल्यावर होती, ती कोरडी राहिली.

कॅसेटच्या काळात एक चांगलं होतं. तासाभराची कॅसेट भरायला तासच लागायचा. भरणाऱ्याला ती ऐकावीच लागायची. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात जाईल त्यातला कण न् कण माझ्या कानावरून गेलेला असायचा. आता काय? लेकीनं संगणकात फोल्डर करून दिलेत, उचलायचं, पेनड्राइव्हमध्ये टाकायचं, चहाचा घोट घेईस्तोवर काम झालं. ऐकतंय कोण! माझ्या हातून जी चूक झाली ती ह्या सोयीतूनच झाली.

आता दत्ताची गोष्ट.

दत्ता पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत उतरलं की त्याची वाडी लागते. घरची थोडी नाचणी-वरी, आणि दत्ताची पिकअप गाडी. पहाटे घाट चढून वरून भाजी, हंगामात स्ट्रॉबेरी भरायची आणि उतरून पोलादपूरला, मग महाडला टाकायची. माझं जुनं गिऱ्हाईक. दर महिन्याला पेनड्राइव्ह घेऊन यायचा, "वैनी, कायतरी दणक्यात द्या."

एका मार्च महिन्यात तो आला तो पायरीवरच उभा राहिला. डोकं भादरलेलं. मी काय समजायचं ते समजले. त्याचा धाकटा भाऊ किसन मुंबईला कामाला होता. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. मी आत बोलावलं, पाणी दिलं. 

मग म्हणाला, "वैनी, आयेनं बंदी घातलीय. वरीस होईस्तवर घरात गाणं नाय, गाडीत गाणं नाय."

हे आमच्याकडे असतंच. वर्ष फिरेपर्यंत सण धरायचा नाही, शिमग्याला नाचायचं नाही, गणपती आणला तरी गुपचूप. दत्ताच्या आईनं ते गाडीपर्यंत नेलं होतं, एवढंच. मी म्हटलं, "मग भजन लाव. भजनाला कोण नाही म्हणेल?"

त्यानं मान हलवली. "भजनात पखवाज वाजतो ना."

मी जीभ चावली. किसन वाडीच्या भजनमंडळाचा पखवाजवाला. सप्ताहाला मुंबईहून रजा काढून यायचा. पखवाजाचा खर्ज डाव्या हातात असतो, आणि आसपासच्या दहा वाड्यांत त्याच्यासारखा डावा हात नव्हता.

"आन् मुकी गाडी चालवत नाय मला," दत्ता म्हणाला. "फोनला घाटात रेंज नाय. किर्तन लावलं तर झोपच येते. परवा डोळा लागला, वैनी. वळणावर. कठड्याला घासली म्हणून ऱ्हायली."

मी बाहेर बघितलं. त्याच्या पिकअपची डावी बाजू पुढून मागपर्यंत खरवडलेली होती. आंबेनळी ज्यानं पाहिलाय त्याला कठड्यापलीकडे काय आहे ते सांगायला नको.

"आयेला सांगितलंस?"

"दुसऱ्या गाडीनं घासली म्हणून सांगितलं. तिचा एक गेलाय, वैनी. दुसरा जाता जाता ऱ्हायला ह्ये कसं सांगू तिला? तुमी मला असं कायतरी द्या, का जे गाणं नाय पन आवाज हाय."

इतक्या वर्षांच्या धंद्यात अशी मागणी कुणी केली नव्हती. हात काय करत असतील हे माहीत होतं. तरी मी नेहमीचा नियम बाजूला ठेवला आणि जो सहसा कुणाला देत नाही तो विहीरवाला त्याला दिला. एक शब्द कळणार नाही, ढोल जागं ठेवील आणि आवाज असा, की त्याला कुणी मौजमजा म्हणणार नाही. माझा हिशेब एवढाच होता.

आठ दिवसांनी दत्ता आला. चेहरा जरा सैल झालेला. म्हणाला, "वैनी, ह्या मानसाचा कोन गेलाय?"

मी म्हटलं, "मला नाही रे माहीत. मला इंग्रजी कुठं कळतं?"

"कोनतरी गेलाय नक्की. मी काल गाडी बाजूला लावली आन् रडून घेतलं. किसन गेला तवा लाकडं मी आणली, पावण्यांचं मी बघितलं, रडायला झालंच नाय. ह्यो बाबा माझ्या वाटचं रडतोय असं वाटलं, मग म्हटलं आपन पन रडू." आणि त्यानं अजून मागितली.

मला इतका आनंद झाला! ज्या विहीरवाल्याला मी कधी गिऱ्हाइकी मिळवून देऊ शकले नव्हते, त्याला आंबेनळी घाटात एक जिवाभावाचा माणूस मिळाला होता. त्या आनंदात मी विहीरवाल्याचा फोल्डर उचलला, शेजारचाही हाताला लागला तो उचलला, आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. ऐकलं नाही.

चार दिवसांनी दुपारी दत्ता दुकानाच्या पायरीशी उभा, आणि त्याच्या पुढं त्याची आये. पंचाहत्तरीची असेल. बारीक अंगाची, नऊवारी गुडघ्याशी आवळलेली, पावलं धुळीनं पांढरी. ती कधी दुकानात आली नव्हती. मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

"तू ती कॅशेटवाली?"

"हो, आई."

"तू माज्या लेकाला काय दिलंस गो?"

मग कळलं ते असं. म्हातारी दवाखान्याला म्हणून दत्ताच्या गाडीत बसून खाली येत होती. विहीरवाला लागलेला होता. ती काही बोलली नाही. घाटातल्या एका वळणावर विहीरवाला संपला, आणि एकदम नटवी सुरू झाली. चमचम पेटी, टाळ्या, ला ला ला. दत्ताचे हात स्टिअरिंगवर, समोरून एसटी, बंद करायला त्याला वेळ लागला. म्हातारीनं गाडी थांबवायला लावली, उतरली आणि तिथून चालत निघाली. दत्ता मैलभर गाडी हळूहळू तिच्यामागून नेत राहिला. शेवटी एक एसटी थांबली, तीत ती चढली. मुलगा मागून रिकामी गाडी घेऊन महाडला आला.

मी म्हटलं, "आई, चूक माझी आहे. दत्तानं ते मागितलं नव्हतं. मी न ऐकता भरून दिलं. टाळ्यांचं ते गाणंच होतं. तुमचा शब्द मोडला तो माझ्यामुळं, त्याच्यामुळं नाही."

ती स्टुलावर बसली. "आन् त्याच्या आदीचं? त्यो घोगरा बोलत व्हता त्ये?"

मी संगणकाकडे हात नेला. तिनं मनगट धरलं. "लावू नको. नुसतं सांग. तू धंद्यातली हायस, तुला ठावं आसल. तू सांगशील त्ये मी मानीन. त्ये गाणं हाय का नाय?"

पायरीवर दत्ता. त्याच्या मागं खरवडलेली पिकअप. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

गाणं आहे म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो मुकी गाडी घेऊन त्या वळणांवर चढणार होता. गाणं नाही म्हणाले, तर... तुम्हाला हसू येईल, पण ज्या विहीरवाल्यासाठी मी साऱ्या महाडशी भांडले, सासूबाईंशी भांडले, 'ही काय गाणी आहेत का' म्हणणाऱ्या एकेकाला स्टुलावर बसवलं, त्याला त्याच स्टुलासमोर मी नाकारायचं होतं. चारचौघांत आपल्या सख्ख्या माणसाला 'हा आमचा कोणी नव्हे' म्हणावं, तसं.

"नाही, आई," मी म्हटलं. "ते गाणं नाही."

"मंग काय हाय?"

"एक माणूस रडतोय. त्याला साथीला माणसं मिळालीत, एवढंच."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग ऱ्हाऊ दे. रडायला काय बंदी नाय." आणि दत्ताला म्हणाली, "चल, दवाखाना बंद व्हईल."

ती गेल्यावर मी दुकान तासभर बंद ठेवलं. वर जाऊन ट्रंकेपाशी बसले आणि विहीरवाल्याची माफी मागितली. अगदी तोंडानं मागितली. म्हटलं, बाबा, वेळ तशी होती. मग खाली येऊन दत्तासाठी नवा पेनड्राइव्ह भरायला बसले. एकेक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ज्यावर पाय हलला ते काढलं, ज्यात कुठं टाळी वाजली ते काढलं. दोन दिवस लागले. उरली अकरा. त्या अकरांवर दत्तानं पावसाळा काढला, धुक्यात, दरडींत. गाडीला पुन्हा ओरखडा आला नाही. तेव्हापासून मी कुणालाही न ऐकता काही भरून देत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात, चहा पिऊन परत येतात. येऊ देत.

त्या वर्षात म्हातारी मला चार-पाचदा दिसली. एसटी स्टँडकडून बाजारात यायची, डोक्यावर बोचकं. एकदा तर दत्ताची गाडी समोरच उभी होती आणि ही भर उन्हात स्टँडकडे चालत निघालेली. मी दत्ताला विचारलं, "अरे, आयेला गाडीत का नाही घेत?" तो म्हणाला, "बसतच नाय. घाटात मळमळतं म्हनते." मला वाटलं, माझ्यावरचा राग असेल. वाईट वाटलं, पण राग यावा असं मी वागले होतेच.

पुढच्या मार्चात एका सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतेय, तर म्हातारी पायरी चढून आली आणि न सांगता स्टुलावर बसली. पदरातून कुळथाची पुरचुंडी काढून गल्ल्यावर ठेवली. मागं दत्ताची गाडी उभी होती.

"काल किसनाचं वरीस झालं," म्हणाली. "पानं वाडली. चार मानसं जेवली."

मी हात जोडले.

"आता लाव."

"काय लावू, आई? भजन लावू?"

"भजन घरी व्हईल. त्यो घोगरा लाव. त्येचं गाणं."

 तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं.

"गाणंच व्हतं गो त्ये," ती म्हणाली. "पखवाजवाल्याची आये हाय मी. ताल कळत नाय व्हय मला? पन दत्ताच्या गाडीचं खरवडलेलं मला पन दिसत व्हतं. गाडीनं घासलं का कठड्यानं, त्ये सांगाया लागतंय व्हय? तू नाय म्हनलीस, बरं केलंस. लेकाला ऐकू दिलं. माजी बंदी माज्यापुरती ठेवली."

"म्हणजे तुम्ही वर्षभर..."

"गाडीत बसले नाय. चालले, येष्टीनं आले." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लाव आता. पुरतं लाव."

 पहिलंच लावलं, तक्तपोशीतून वर्षभर माझ्या डोक्यावर झिरपलेलं. धुम-धुम-धुम-धुम. विहिरीतून आवाज आला. म्हातारी डोळे मिटून बसली होती. पायरीवर एक माणूस चार्जर घ्यायला म्हणून थांबला, त्यानं तोंड वाकडं केलं आणि काही विचारणार तोच दत्तानं त्याला बोटानं गप्प केलं. म्हातारीचा डावा हात गुडघ्यावर होता. आधी एक बोट, मग सगळा पंजा, त्या खर्जाबरोबर पडायला लागला.

गाणं संपलं. तिनं डोळे उघडले.

"ह्येचा डावा हात किसनासारका हाय," म्हणाली. "परत लाव."